कोरांटी : कमी पाण्याच्या बागेतले फुलझाड

कोरांटी हे अडुळसा, अबोली आणि कारवी यांच्याच कुळातले बहुवर्षायू झुडूप आहे. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि तिची वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. कोरांटी दरवर्षी फुलते, त्यामुळे तिच्याकडे कोणी मुद्दाम पाहायला जात नाही. देवळामागच्या मोकळ्या जागेत, शाळेच्या कुंपणाला, जुन्या घरांच्या परसात ती वर्षानुवर्षे उभी असते. पावसाळा ओसरला की तिला बहर येतो, सकाळच्या पूजेच्या परडीत फुले पडतात आणि उरलेले दिवस ती विस्मरणात जाते. हुबळी-धारवाडसारख्या ठिकाणी मात्र या झाडाकडे बागेच्या दृष्टीने नव्याने पाहण्यासारखे बरेच काही आहे. भरपूर ऊन, उन्हाळ्यात पाण्याची ओढ आणि मधमाश्या-फुलपाखरांना घरी आणण्याची हौस या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात, तिथे कोरांटीइतके बिनतक्रार फुलझाड शोधूनही सहसा सापडत नाही.

वनस्पतिशास्त्रात कोरांटीच्या प्रजातीला बार्लेरिया म्हणतात. जगभर तिच्या सुमारे 300 जाती असून त्यांतल्या बऱ्याच आफ्रिकेत आणि आशियाच्या कोरड्या भागांत वाढतात. सह्याद्री आणि दख्खनच्या पठारावर तिच्या अनेक रानटी जाती आहेत. बार्लेरिया गिब्सोनाय ही त्यांपैकी एक असून ती सह्याद्रीबाहेर फारशी कुठे आढळत नाही. थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्या वेळी इलाख्यात असलेल्या धारवाड जिल्ह्याचाही समावेश होता. बागेत लावण्यासाठी मात्र दोनच जाती महत्त्वाच्या आहेत. दोन्हींना लिनियसने 1753 साली आजची नावे दिली.

पहिली पिवळी किंवा काटेकोरांटी, बार्लेरिया प्रायोनायटिस. वज्रदंती हे तिचे दुसरे नाव. दात-हिरड्यांच्या घरगुती औषधांत तिचा पाला आणि मुळे वापरली जात, त्यावरून ते पडले. कन्नडमध्ये तिला मुळ्ळु गोरंटे म्हणतात. झुडूप 1 ते 1.5 मीटर उंच होते. पाने समोरासमोर येतात आणि त्यांच्या बगलेत तीन-चार टोकांचे सरळ, टोकदार काटे असतात. फूल नारिंगी झाक असलेले पिवळे, खाली लांब नळी आणि वर पाच पाळ्या; चार पाळ्या एका बाजूला आणि पाचवी वेगळी, खाली झुकलेली. दोन पुंकेसर फुलाबाहेर लांब डोकावतात. येणाऱ्या पाहुण्याच्या अंगाला परागकण लागतात ते यांच्यामुळेच.

दुसरी बिनकाट्यांची कोरांटी, बार्लेरिया क्रिस्टाटा. हिची फुले जांभळी, निळसर, गुलाबी किंवा पांढरी असतात. पांढऱ्यावर जांभळे पट्टे असलेला प्रकारही घरोघरी दिसतो. फांद्यांवर काटे नसले तरी फुलाखालच्या मोठ्या निदलांच्या कडा दातेरी असतात आणि सुकल्यावर हाताला बोचतात. त्यामुळे सुकलेली फुले काढताना हातमोजे घातलेले बरे. बागकामाच्या इंग्रजी पुस्तकांत ती फिलिपाइन व्हायोलेट म्हणून येते. प्रत्यक्षात ती भारत आणि आग्नेय आशियातली आहे आणि व्हायोलेटशी तिचे दूरचेही नाते नाही. रोपवाटिकेत कन्नडमधून विचारताना एक काळजी घ्यावी. या भागात गोरंटी हा शब्द मेंदीच्या झाडालाही वापरतात, म्हणून फुलाचा रंग सांगूनच रोप मागावे.

दोन शहरे, दोन माती

हुबळी आणि धारवाड यांच्यात जेमतेम 20 किलोमीटरचे अंतर असून दोन्हींची महानगरपालिकाही दीर्घकाळ एकच राहिली आहे. बागेच्या दृष्टीने मात्र ही दोन वेगळी गावे आहेत. धारवाड मलनाडच्या उंबरठ्यावर, टेकड्यांच्या उतारावर वसलेले आहे. तिथली माती बहुतांशी तांबडी आणि मुरमाड आहे. शेतकरी तिला मसारी म्हणतात. पावसाचे पाणी या मातीतून पटकन निघून जाते. पूर्वेला हुबळीकडे सरकावे तशी काळी, भारी माती लागते. तिला एरे म्हणतात, आणि नवलगुंद-अण्णिगेरीकडे तीच सर्वत्र पसरलेली आहे. भूगर्भशास्त्रात धारवाडचेच नाव मिळालेले अडीच अब्ज वर्षांहून जुने खडक या परिसरात आहेत. त्यांच्या झिजेतून आणि उतारानुसार झालेल्या वाहून जाण्यातून ही सगळी विविधता घडली आहे.

पाऊसही असाच बदलतो. धारवाडला वर्षाला साधारण 800 मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला कलघटगी-अळणावरकडे तो वाढतो आणि पूर्वेला नवलगुंदकडे कमी होतो. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या सरी येतात, जून ते ऑगस्ट मोसमी पाऊस असतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस आणखी एक हात देऊन जातो. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मात्र आकाश जवळजवळ कोरडे असते.

कमी पाण्याच्या बागेविषयी युरोपात लिहिलेली पुस्तके इथे जशीच्या तशी का लागू पडत नाहीत, याचे उत्तर या वेळापत्रकात आहे. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात बेथ चॅटो या बागकाम-लेखिकेने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला एका जुन्या वाहनतळाच्या जागी खडीची बाग उभी केली आणि तिला पाणी द्यायचे नाही असे ठरवले. ती बाग जगभर गाजली. गंमत अशी की धारवाडात एसेक्सपेक्षा पाऊस जास्त पडतो. एसेक्सचा थोडा पाऊस वर्षभर वाटून पडतो, धारवाडचा जास्त पाऊस चार-पाच महिन्यांत कोसळतो आणि मग अर्धे वर्ष दांडी मारतो. म्हणजे इथल्या झाडाला दोन परीक्षा द्याव्या लागतात. आधी सततच्या ओलीची आणि मागाहून सततच्या कोरडेपणाची. लॅव्हेंडर दुसरी परीक्षा देऊ शकेल, पहिल्या परीक्षेत जुलैमध्येच नापास होतो. रोपवाटिकांत हौसेने विकत घेतलेली त्याची रोपे पावसाळ्यात बुंध्यापासून कुजतात. कोरांटी याच हवेत घडलेली असल्यामुळे तिला दोन्ही परीक्षांची सवय आहे, फक्त मुळाशी पाणी साचता कामा नये.

हुबळीच्या काळ्या मातीत कोरांटी मेली, तर तिच्या मालकाला बहुतेक वेळा उन्हाळ्याचा संशय येतो. खरे कारण बरेचदा आदल्या ऑगस्टमध्ये घडून गेलेले असते. काळ्या मातीतली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि तिच्यातली हवेची बारीक पोकळी बंद होते. मुळांना श्वास मिळेनासा होतो, कूज शिरते. झाड लगेच मरत नाही. आहे तेवढ्या मुळांवर ते दिवाळी काढते आणि उन्हाळ्यात माती आकसून भेगा पडल्या की उरलीसुरली मुळेही तुटतात. मग कोणी तरी बादलीभर पाणी रोज घालू लागते आणि उरलेले कामही पूर्ण होते.

लागवड

जागा निवडताना पहिली अट उन्हाची. दिवसातून किमान सहा तास थेट ऊन हवे. पश्चिमेच्या भिंतीलगतची, दुपारी तापणारी जागा इतर झाडांना नकोशी असते, कोरांटीला ती चालते. सावलीत ती मरत नाही, पण लांबुळकी होते, फांद्या लोळतात आणि फुले तुरळक येतात. आंब्याखाली किंवा इमारतीच्या उत्तर बाजूला लावून नंतर तिला नावे ठेवणे योग्य नाही.

धारवाडच्या तांबड्या, निचऱ्याच्या जमिनीत लागवड सोपी आहे. सुमारे 30 सेंटिमीटर लांब-रुंद-खोल खड्डा काढावा, निघालेल्या मातीत अर्धी पाटी चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळावे आणि रोप पिशवीत होते तेवढ्याच खोलीवर बसवावे. उतारावर असेल तर वरच्या बाजूला अर्धचंद्राकृती बांध घातला की पावसाचे पाणी थोडे मुरते. बस, एवढेच.

काळ्या मातीत हीच पद्धत घातक ठरते. भारी जमिनीत खड्डा खणून त्यात भुसभुशीत माती भरली की आजूबाजूचे पाणी त्या खड्ड्यात उतरते आणि तिथून निघायला त्याला वाट नसते. म्हणून हुबळीत खड्डा काढू नये, उंचवटा करावा. जमिनीवर 25 ते 30 सेंटिमीटर उंच आणि जवळपास 1 मीटर रुंद गादीवाफा रचावा. त्यासाठी दोन भाग लाल माती, एक भाग बारीक मुरूम किंवा भरड वाळू आणि एक भाग कंपोस्ट हे मिश्रण चालते. खालची काळी माती फक्त फावड्याने सैल करावी, म्हणजे वरच्या आणि खालच्या थरांत मुळांना अडखळायला होणार नाही. मुळे पुढच्या दोन वर्षांत आपसूक काळ्या मातीत उतरतात. एकदा ती खोल गेली की काळी माती शत्रू राहत नाही; उलट तिने धरून ठेवलेली ओल उन्हाळ्यात उपयोगी पडते, आणि त्या काळात तांबड्या मातीतल्या झाडापेक्षा काळ्या मातीतले झाड जास्त हिरवे दिसते.

कुंपणासाठी पिवळी कोरांटी लावायची असेल तर दोन रोपांत 45 ते 60 सेंटिमीटर अंतर पुरते. काट्यांमुळे शेळ्या आणि मोकाट गुरे तिच्या वाटेला जात नाहीत. फाटकाजवळ, लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेशेजारी किंवा पायवाटेच्या अगदी काठाला मात्र ती नको. तिथे बिनकाट्यांची जात लावावी. सुटे झुडूप म्हणून वाढवायचे असेल तर प्रत्येकीला मीटरभर जागा द्यावी.

लागवडीचा सर्वांत चांगला काळ म्हणजे जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलै. ढगाळ हवेत रोप रुजते आणि पुढचा कोरडा हंगाम येईपर्यंत मुळांना चार महिने मिळतात. वळवाच्या पहिल्या सरींनी भुलून मेमध्ये लावलेली रोपे मधल्या उघडिपीत होरपळतात.

पाणी

हुबळी-धारवाडला पाण्याचा मुख्य पुरवठा सौंदत्तीजवळच्या मलप्रभा नदीवरील रेणुकासागर जलाशयातून होतो. 2008 साली शहरांतल्या काही भागांत चोवीस तास पाणी देण्याची प्रात्यक्षिक योजना सुरू झाली आणि देशभर तिची चर्चा झाली. बाकी अनेक वस्त्यांत नळाला पाणी काही दिवसांआड येण्याचा अनुभव जुना आहे. असल्या गावात रोज पाणी मागणारी बाग ही घरातल्या माणसांशी स्पर्धा असते. कोरांटी त्या स्पर्धेत उतरत नाही.

पहिल्या वर्षी मात्र तिला सांभाळावे लागते. ऑक्टोबर सरल्यापासून पुढच्या जूनपर्यंत आठवड्यातून एकदा प्रत्येक झुडपाला अर्धी बादली पाणी, तेही बुंध्यापासून वीतभर लांब आळे करून द्यावे. रोज तांब्याभर घालण्यापेक्षा आठवड्याला एकदा भरपूर घालणे चांगले, कारण वरवरच्या ओलीने मुळे वरच राहतात आणि पहिल्याच चटक्यात करपतात. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांतून एकदा पुरते. तिसऱ्या वर्षापासून काळ्या मातीतले झाड बहुतेक वर्षी पाण्यावाचून निभावते. तांबड्या मातीत एप्रिल-मे महिन्यांत एक-दोनदा पाणी दिले तर बरे. कडक उन्हाळ्यात कोरांटी काही पाने गाळते, उरलेली बारीक होतात. हे दृश्य पाहून घाबरून पाण्याचा मारा करू नये. झाड खर्च कमी करत असते.

बुंध्याभोवती वाळका पालापाचोळा किंवा शेंगांची फोलपटे दोन-तीन बोटे जाड पसरली तर बाष्पीभवन घटते, पण हा थर खोडाला चिकटू देऊ नये आणि पावसाळ्यात बाजूला सारावा. स्वयंपाकघरातले भाजी-तांदूळ धुतलेले पाणी चालते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी काळ्या मातीत रोज ओतू नये. त्यात क्षार एकवटलेले असतात आणि या मातीतून ते धुऊन निघायला वेळ लागतो.

खताच्या बाबतीतही हात आखडताच बरा. वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडावर, दोन ओंजळी कंपोस्ट झाले की काम भागते. युरिया घातला की पाने लुसलुशीत आणि गडद होतात, फुले कमी येतात आणि भुरी रोगाला आमंत्रण मिळते. कोरांटीला उपाशी ठेवून बिघडत नाही, लाडावून बिघडते.

छाटणी

फुले नव्या फुटव्यांवर येतात, म्हणून छाटणीची वेळ महत्त्वाची. बहर संपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, सुकलेली बोंडे आणि लांब गेलेल्या फांद्या एक तृतीयांश कापाव्यात. दरवर्षी हे केले तर झुडूप गच्च राहते. दोन-तीन वर्षांनी एकदा, मेच्या शेवटी, जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर सरसकट छाटले तरी चालते. पावसाबरोबर नवे कोंब फुटतात आणि त्याच वर्षी फुलतात. ऑगस्टनंतर कात्री लावू नये. गणपतीच्या सुमारास अंगण नीटनेटके करण्याच्या भरात कुंपण कापले जाते आणि त्या वर्षीचा निम्मा बहर कचऱ्याच्या गाडीतून जातो.

फुलावर येणारे पाहुणे

कोरांटीचा बहर सप्टेंबरपासून साधारण जानेवारीपर्यंत चालतो. पिवळी जात थोडे पाणी मिळाल्यास त्याच्या पुढेमागेही तुरळक फुलते. हा काळ निसर्गाच्या दृष्टीने मोक्याचा आहे. पावसाळी रानफुले ऑक्टोबरनंतर झपाट्याने सुकतात. शेतांत करडई, सूर्यफूल, हरभरा फुलायला वेळ असतो, आणि शहराच्या मध्यभागी राहणाऱ्या माश्यांना तिथवर पोचणे शक्यही नसते. आंब्याचा मोहोर डिसेंबर-जानेवारीत येतो. धारवाडचा हापूस प्रसिद्ध आहे, आणि त्याला फळ धरण्यासाठी माश्या-कीटकांची गरज असते. म्हणजे मोहोर येईपर्यंत या कीटकांना तगवून धरणारी फुले बागांत असली तर त्याचा लाभ केवळ फुले लावणाऱ्यालाच होतो असे नाही.

लांब नळीच्या तळाशी मध असल्यामुळे प्रत्येक पाहुण्याला तो सारखा मिळत नाही. शिंजीर पक्ष्याची बाकदार चोच आणि लांब जीभ या कामाला अगदी योग्य. तो फांदीवर बसूनच एकेक फूल रिकामे करतो आणि पुढे आलेले पुंकेसर त्याच्या कपाळाला घासतात. लांब सोंडेची फुलपाखरेही मधापर्यंत पोचतात. निळ्या पट्ट्यांच्या पोटाची, अमेगिला प्रजातीची रानमाशी फुलासमोर क्षणभर तरंगते, आत शिरते आणि पुढच्या फुलाकडे झेपावते; ती एकटी राहणारी माशी आहे, तिचे पोळे नसते. सातेरी, फुलोरी आणि बारीक पोया माश्यांच्या जिभा आखूड असतात. त्या मधाचा नाद सोडून बाहेर आलेल्या पुंकेसरांवरचे पराग गोळा करतात. कोरांटीच्या दाट काटेरी फांद्यांत फुलोरी माशी कधीकधी आपले तळहाताएवढे उघडे पोळेही बांधते. ते दिसले तर त्या बाजूची छाटणी पुढे ढकलावी, एवढाच शहाणपणा.

काळा भुंगा या सगळ्यांत लबाड. तो फुलाच्या तोंडाने आत शिरण्याची तसदी घेत नाही. नळीच्या बुडाला बाहेरून चीर पाडतो आणि थेट मध ओढतो. अशा वेळी परागीभवन होत नाही, फुलाचा निव्वळ तोटा. तरी भुंग्याला हुसकावू नये. तरवड, वांगी, टोमॅटो यांच्या फुलांतले पराग उडण्याच्या स्नायूंच्या थरथरीने झाडून काढण्याचे काम त्याच्यासारख्या माश्याच करतात आणि साध्या मधमाशीला ते जमत नाही.

फुलांइतकीच पानेही कामाची आहेत. भिरभिरी म्हणजे इंग्रजीत ज्यांना पॅन्सी म्हणतात, त्या गटातल्या काही फुलपाखरांच्या माद्या कोरांटीच्या पानांवर अंडी घालतात. पिवळी भिरभिरी आणि लेमन पॅन्सी ही त्यांतली नेहमीची. कुठल्या फुलपाखराची अळी कुठल्या झाडावर वाढते याचा या भागातला पायाभूत अभ्यास जुना आहे. धारवाडला लागूनच असलेल्या उत्तर कॅनरा जिल्ह्यात डेव्हिडसन, बेल आणि एटकेन या तीन सरकारी अधिकाऱ्यांनी 1890 च्या दशकात नोकरी सांभाळून अळ्या पाळल्या आणि त्यांच्या नोंदी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. बेल यांनी पुढे हे काम दीर्घकाळ चालू ठेवले. या अळ्या काळपट, अंगभर फांद्या फुटल्यासारख्या काट्यांच्या असतात; दिसायला भयंकर, प्रत्यक्षात निरुपद्रवी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्या पानांची चाळण करतात. कोरांटी ती महिनाभरात भरून काढते. पानांना भोके नको असतील तर फुलपाखरांची अपेक्षाही ठेवू नये.

फवारणीचा प्रश्न इथेच येतो. कोरांटीला कीड-रोग कमी. दाट सावलीत भुरी, कोरड्या हवेत कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण, क्वचित खवले कीड. शेंडा कापून टाकणे किंवा पाण्याचा जोरदार फवारा मारणे पुरते. नाही भागले तर लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून, माश्या परतल्यावर संध्याकाळी फवारावे. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधे कापसाच्या बियाण्याला चोळली जातात, त्यामुळे ती या भागातल्या कृषी सेवा केंद्रांत सहज मिळतात. बागेत ती आणू नयेत. मुळांतून किंवा पानांतून शिरलेले हे विष झाडाच्या मधात आणि परागात उतरते. माशीसाठी लावलेल्या झाडातून माशीलाच विष पाजण्यासारखा मूर्खपणा नाही. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांवरही अशी औषधे मारलेली असू शकतात, म्हणून शक्यतो शेजारच्या जुन्या झाडाची फांदी मागून आणणे अधिक चांगले.

सोबतीची झाडे

कोरांटी एकटी वर्षभराची शिदोरी पुरवू शकत नाही. फेब्रुवारी ते मे हा तिचा आळसाचा काळ. तो भरून काढण्यासाठी तिच्यासारखीच कोरड्या उन्हात राहणारी देशी झाडे सोबत लावावीत. तरवड तर धारवाडच्या पूर्वेकडच्या माळांवर आपोआप वाढतो; त्याच्या पिवळ्या फुलांत मध नसतो, पराग भरपूर असतो. निर्गुडीचे निळसर तुरे आणि तुळशीच्या मंजिऱ्या मधमाश्यांच्या खास आवडीच्या, फक्त मंजिऱ्या खुडण्याची घाई करू नये. पांढऱ्या चित्रकावर झेब्रा ब्लू हे चिमुकले फुलपाखरू अंडी घालते. रुईचे एखादे झुडूप बागेच्या कोपऱ्यात राहू द्यावे. तिच्या चिकाची काळजी घेतली तर तिच्यावर वाढणारी प्लेन टायगरची फुलपाखरे बागेला वर्षभर सोबत करतात. घाणेरी मात्र लावू नये. फुलपाखरे तिच्यावर झुंबड करतात हे खरे, पण ती रान गिळते.

याच न्यायाने एक सूचना परदेशातल्या मराठी कुटुंबांसाठी. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात पिवळी कोरांटी उपद्रवी तण म्हणून घोषित झालेली आहे. इथे जी गुणाची ठरते तीच तिथल्या रानात बेबंद पसरते. गावाकडची आठवण म्हणून तिचे बी तिकडे नेऊ नये.

बागेत थोडी जागा उघडी, न खणलेली, न फरशी घातलेली ठेवावी. निळपट्टी माशी जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ करून अंडी घालते. भुंगा वाळक्या लाकडात किंवा बांबूत पोखरतो. अंगण सिमेंटने पूर्ण झाकले तर फुले असूनही या माश्या राहायला येत नाहीत, फार तर येऊन जातात.

नवी रोपे

कलमांनी रोपे करणे सोपे. जून-जुलैमध्ये पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, ना कोवळ्या ना जून अशा फांद्यांचे 10 ते 15 सेंटिमीटर लांबीचे तुकडे करावेत. खालची पाने काढून दोन पेरे वाळू-कंपोस्टच्या मिश्रणात खोचावीत आणि पिशव्या सावलीत ठेवाव्यात. महिनाभरात मुळे धरतात. रंग टिकवायचा असेल तर, विशेषतः पट्ट्यांच्या प्रकारात, कलमच लावावे.

बियांचा स्वभाव मोठा मजेदार आहे. बोंड वाळले की तडकते आणि बिया दूरवर उडवते. पिवळ्या कोरांटीच्या बोंडात दोनच बिया असतात. बीच्या अंगावर चपटी बसलेली केसांची लव असते. पाणी लागताच ती उभी राहते, बुळबुळीत होते आणि बी मातीला चिकटून बसते. पहिल्या सरीने वाहून जाऊ नये यासाठी ही सोय आहे. बिया हव्या असतील तर बोंडे तपकिरी होऊ लागताच फांदीवर कापडी पिशवी बांधावी, नाहीतर सकाळी रिकामी टरफले हाती लागतात. जूनमध्ये वाफ्यात पातळ पेरल्या की त्या उगवतात आणि रोपे सहसा दुसऱ्या पावसाळ्यानंतर फुलू लागतात.

गच्चीवरच्या बागेत कोरांटी कुंडीतही होते. तोंडाला 30 सेंटिमीटर व्यासाची, तळाला मोठी भोके असलेली मातीची कुंडी घ्यावी आणि बिनकाट्यांची जात निवडावी. कुंडीत मुळांना खोल जाता येत नसल्यामुळे जमिनीतल्या झाडाची सहनशक्ती इथे नसते, उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड पाणी द्यावे लागते. दर दोन वर्षांनी पावसाच्या आरंभी झाड काढून बाहेरची मुळे छाटावीत आणि माती बदलावी.

जमिनीतले झुडूप बरीच वर्षे जगते, पण काही वर्षांनी बुंधा लाकडी होतो आणि मधला भाग उघडा पडतो. अशा झाडाला मेच्या अखेरीस 15 ते 20 सेंटिमीटरवर कापून पाहावे. जुलैपर्यंत बुंध्यातून कोंब आले तर ते पुन्हा भरते. नाही आले तर खोड उपटून त्याच जागी त्याच पावसाळ्यात नवे रोप लावावे. जुन्या झुडपाच्या पायथ्याशी उगवलेली दोन-चार बाळरोपे बहुधा तिथेच हाताशी मिळतात.